भुजंगअण्णांचं बाँबर

भुजंगअण्णांसमोर कुणी नुसतं 'हिरवा' म्हटलेलं त्यांना खपत नसे. ड्रॉइंगच्या तासाला एखाद्या मुलानं "सर, झाडाला हिरवा देऊ?" असं विचारलं की ते खडू खाली ठेवायचे, त्याच्या बाकापाशी जायचे आणि अगदी गंभीरपणे विचारायचे, "कुठला हिरवा? कढीपत्त्याचा, पोपटाचा, का विहिरीतल्या शेवाळ्याचा?" पोरगं गोंधळायचं. मग ते त्याला खिडकीपाशी नेऊन बाहेरचा कडुलिंब दाखवायचे. "ह्यात किती हिरवे आहेत ते मोज, आणि मग मला सांग." तास संपायचा, मोजणी संपायची नाही. ह्या पद्धतीत अभ्यासक्रम कुठं बसतो ते आमच्या हेडमास्तरांना शेवटपर्यंत कळलं नाही.

हुबळीच्या आमच्या शाळेत अण्णा ड्रॉइंग शिकवायचे आणि मी इंग्रजी. पूर्ण नाव भुजंगराव मरेवाडकर, पण ते फक्त पगारपत्रकावर. शाळेत, पेठेत, भाजीबाजारात ते सगळ्यांचे अण्णा. माझ्याहून पंचवीसेक वर्षांनी मोठे, तरी मला कधी अरे-तुरे केलं नाही; कायम 'कुलकर्णी' आणि 'तुम्ही'. किरकोळ अंग, काळी टोपी, बंद गळ्याचा कोट आणि कोटाच्या उजव्या बाहीवर कुठल्या ना कुठल्या रंगाचा डाग. सोमवारचा डाग बघून त्यांचा रविवार कसा गेला ते सांगता यायचं. दाजीबानपेठेत एका कापडदुकानावरच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांच्या पत्नी अंबक्का राहत. एकुलती मुलगी मिरजेला दिलेली. "आमच्या घरात बोलणं मराठीत सुरू होतं आणि भांडण कानडीत संपतं," असं अंबक्काच सांगायच्या.

ह्या माणसाबद्दल लिहायला मी आजवर तीनदा बसलो. तिन्ही वेळा दोन पानं सुरेख झाली, कारण त्यांची थोरवी लिहिताना माझा हात भराभर चालतो. पुढं माझा भाग आला की मला काहीतरी काम आठवायचं. ह्या वेळी उठायचं नाही असं ठरवून बसलो आहे.

कौतुकाच्या बाबतीत अण्णा कमालीचे कंजूष. चित्र कितीही चांगलं असो, त्यांच्या तोंडून 'छान' निघायचं नाही. 'चालंल' म्हणाले म्हणजे पोरगं आठवडाभर हवेत. 'चालंल, आता हात लावू नका' ही सगळ्यात वरची पायरी. ती माझ्या माहितीत तिघांनाच मिळाली. स्वतःच्या कामाला ते 'चालंल' सुद्धा म्हणत नसत. नुसतं बघत उभे राहायचे आणि मग हात धुवायला जायचे.

पेठेतल्या आमच्या गणपतीची मूर्ती कुंभाराकडून रंगून यायची, पण डोळ्यांच्या जागा कोऱ्या ठेवलेल्या. ते काम अण्णांचं. चतुर्थीच्या आदल्या सकाळी उठल्यापासून ते कुणाशी बोलत नसत. आंघोळ करून, ओलेत्यानंच मूर्तीसमोर पाटावर बसायचे आणि खारीच्या केसांच्या कुंचल्यानं दोन डोळे काढायचे. पाच-सात मिनिटांचं काम. पण ते बघायला दुकानं अर्धी उघडी टाकून माणसं यायची आणि कुणी खोकत नसे. असं बावीस वर्षं चाललेलं. मी एकदा विचारलं, "अण्णा, आंघोळीचं समजलं, पण अंग पुसायला काय हरकत आहे?"

"पुसण्यात वेळ जातो, वेळ गेला की मन कुठंतरी जातं," ते म्हणाले. "आणि डोळा काढला की तो बघायला लागतो, कुलकर्णी. पहिल्यांदा ज्याला बघणार, तो निदान आत्ताच आंघोळ करून आलेला असावा की."

बेचाळीस साली मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि रविवारी खादी घालत होतो. एवढंच माझं राजकारण. त्या ऑगस्टनंतर कुणीतरी माझ्याकडे पत्रकांचा एक गठ्ठा दिला, वाटायला. मी तो वाटला नाही. भीती वाटली. जाळायचीही भीती वाटली, कारण घरात बायको प्रश्न विचारील. म्हणून शाळेतल्या माझ्या टेबलाच्या खणात, पेपरांच्या खाली दडवून ठेवला. काही महिन्यांनी तो हेडमास्तरांना सापडला.

हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. त्यांनी गठ्ठा स्वतःच्या हातानं घरच्या बंबात घातला. पण शाळेबद्दल वर कुणीतरी कान भरले होते आणि माझं नाव त्यात होतं. त्याच सुमाराला धारवाडात युद्धनिधीसाठी प्रदर्शन भरायचं ठरलं आणि प्रत्येक शाळेनं काहीतरी पाठवावं असा हुकूम आला. हेडमास्तर मला म्हणाले, "तुम्ही पुढाकार घ्या. साहेबांच्या डोळ्यांत भरेल असं काहीतरी तुमच्या देखरेखीखाली होऊन जाऊ द्या. विमान करा, बाँबर. मग मला लिहिता येईल की हा गृहस्थ सरकारच्या बाजूचा आहे. नाहीतर जूनमध्ये तुम्हाला ठेवता येईल असं दिसत नाही."

मला पेन्सिलीला धड टोक करता येत नाही. मी अण्णांकडे गेलो.

अण्णांनी ऐकून घेतलं आणि सरळ नाही म्हणाले. "ते माणसांवर बाँब टाकायचं यंत्र. मी गणपतीचे डोळे काढणारा माणूस. मला नको."

मी निघालो, दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. पत्रकांची गोष्ट सांगितली, हेडमास्तर काय म्हणाले ते सांगितलं, आणि बायकोला सातवा महिना आहे हेही सांगितलं. ते शेवटचं सांगायची गरज नव्हती; मी मुद्दाम सांगितलं. अण्णा आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "अंबू, कुलकर्णींना चहा टाक," आणि माझ्याकडे वळून, "हे आधी सांगायचं नाही का हो? उगाच मला नाही म्हणायला लावलात. फोटो आहे काय विमानाचा?"

फोटो एका साप्ताहिकातला. चार इंजिनांचं बाँबर, शेजारी चाकाला टेकून एक गोरा उभा. बस, एवढंच. लांबी नाही, रुंदी नाही. अण्णांनी फोटो चार दिवस भिंतीला लावून ठेवला आणि पाचव्या दिवशी मला म्हणाले, "ह्या माणसाची उंची कळली तर चाक कळेल. चाक कळलं तर विमान कळेल. चला स्टेशनावर."

त्या काळी हुबळी स्टेशनावर पलटणींच्या गाड्या थांबायच्या. अण्णा फलाटावर फूटपट्टी घेऊन हिंडले, फोटोतल्यासारखा मध्यम अंगाचा एक गोरा टॉमी हेरला आणि मला म्हणाले, "ह्याला विचारा, उंची किती." मी चाचरत विचारलं. तो सोल्जर आधी चमकला, मग कारण कळल्यावर खो खो हसला, चहाचा मग खाली ठेवून खांबाला टेकून ताठ उभा राहिला आणि अण्णांनी खांबावर खडूनं खूण केली. पाच फूट दहा इंच. अण्णांनी त्याला नमस्कार केला आणि कोटाच्या खिशातून पेरू काढून दिला. परत येताना म्हणाले, "पोरगा बघा किती लहान आहे. वीस तरी असेल काय? त्याच्या आईला ठाऊक असेल काय, हा आत्ता हुबळीत आहे म्हणून?"

एका फुटाला पाव इंच, हे माप ठरलं. गोकाकच्या खेळणीवाल्याकडून पांगाऱ्याचं हलकं, वाळलेलं लाकूड आलं. अण्णांनी ते शाळेच्या ड्रॉइंगच्या खोलीत, संध्याकाळी मुलं गेल्यावर तासायला घेतलं. पोटाचा भाग दोन अर्धुकांत, पंख चार तुकड्यांत. लाकडाच्या शिरा बुजवायला चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड, त्यावर काचकागद, परत खळ, परत काचकागद. असं सात वेळा. मी शेजारी बसून पेपर तपासायचो, म्हणजे देखरेख करायचो. अधूनमधून ते पंखावरून डोळे मिटून हात फिरवायचे आणि मला फिरवायला लावायचे. "लागतंय काय बोटाला?" मी नाही म्हणायचो. ते म्हणायचे, "मला लागतंय," आणि परत घासायला घ्यायचे.

लढाईमुळं बाजारात रंग नव्हते. अण्णांनी नीळ आणि पिवळा हरताळ खलून हिरवा केला, गेरूत काजळी घालून मातकट तपकिरी. त्या दोन रंगांचे मोठे मोठे वेडेवाकडे पट्टे पाठीवर द्यायचे, म्हणजे वरून बघणाऱ्याला शेतं वाटावीत. हा प्रकार त्यांना फार आवडला. एका रविवारी ते मला नवलूरच्या टेकडीवर घेऊन गेले आणि खालची शेतं दाखवून विचारलं, "ह्यातला कुठला हिरवा?" मी नेहमीप्रमाणे चुकलो. पण खरं सांगतो, आठ दिवसांनी ते विमान बघितलं तेव्हा पाठीवर ती टेकडीखालचीच जमीन होती. विलायतेतल्या शेतांसारखी ती असेल की नाही, देव जाणे. धारवाड-हुबळीच्या मधल्या ज्वारीच्या शेतावर मात्र ते विमान कुणाला दिसलं नसतं.

शेवटी राहिली पुढची काच, वैमानिक जिच्यातून बघतो ती. अण्णांनी अभ्रक लावून बघितलं, ते वाकेना, तडकायचं. तेव्हा काच रंगवूनच दाखवायची ठरली, आत अंधार आणि वर उजेडाची एक तिरीप. रविवारी सकाळी मी शाळेत गेलो तर अण्णा मागच्या विहिरीवर आंघोळ करून ओलेत्यानं येत होते. विमान पाटावर ठेवलेलं. त्यांनी मला ओठांवर बोट ठेवून गप्प बसवलं, समोर बसले आणि खारीच्या केसांचा कुंचला घेतला. दहा मिनिटांनी श्वास सोडून म्हणाले, "काय करणार, दुसऱ्या तऱ्हेनं येतच नाही. ही काच म्हणजे डोळाच की."

दारात शाळेचा शिपाई सिद्दप्पा झाडू घेऊन उभा होता. त्यानं पाट बघितला, ओलं धोतर बघितलं, आणि साध्या मनानं बाहेर जाऊन सांगितलं, "मास्तरु विमानक्क पूजा माडाकत्तार." मास्तर विमानाची पूजा करतायत. मी हसलो. मला ती गंमत वाटली.

धारवाडच्या प्रदर्शनात ते बाँबर मधल्या टेबलावर ठेवलं होतं. साहेबांनी दोनदा वाकून बघितलं. शाळेला प्रशस्तिपत्र मिळालं, त्यावर संयोजक म्हणून माझं नाव. अण्णांचं नाव कुठंच नव्हतं आणि त्यांना ते जाणवलंही नसावं, परतीच्या गाडीत त्यांनी एवढंच विचारलं, "तुमचं काम झालं काय?" माझं काम झालं होतं. जूनमध्ये मी कायम झालो. विमान कुणा साहेबाच्या बंगल्यावर गेलं, ते परत आलं नाही.

कागदावर माझं नाव होतं आणि लोकांच्या तोंडी अण्णांचं. सिद्दप्पाचं वाक्य पेठेत पोचेपर्यंत त्याला हळदकुंकू लागलं, आरती लागली, नैवेद्य लागला. मरेवाडकरमास्तरांनी इंग्रजांच्या बाँबरची प्राणप्रतिष्ठा केली म्हणे. ज्यांची मुलं तुरुंगात होती त्या घरांत हे ऐकून काय वाटलं असेल ते मला समजतं. त्यांच्यावर माझा राग नाही. एका सकाळी अण्णांच्या जिन्याच्या भिंतीवर डांबरानं 'देशद्रोही' लिहिलेलं निघालं. अंबक्का दोन दिवस घासत होत्या. डांबर निघालं नाही, चुना गेला.

श्रावणात गणेशमंडळाची बैठक झाली. रविवारची सकाळ, मारुतीच्या देवळाचा सभामंडप, पंधरा-सोळा माणसं. मी मंडळाचा चिटणीस. अण्णांना बोलावलं नव्हतं. विषय एकच, ज्या हातानं बाँबरचे डोळे काढले त्या हातानं यंदा आपल्या गणपतीचे काढायचे काय? बराच वेळ आरडाओरडा झाला. मग अध्यक्ष बापूसाहेब, पेठेतले मोठे कापडव्यापारी, यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. न्यायी माणूस. ते म्हणाले, "ऐकीव गोष्टीवर बावीस वर्षं सेवा केलेल्या माणसाला काढणं बरं नव्हे. कुलकर्णी, तुम्ही त्याच शाळेत आहात. पूजा केली हे खरं काय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला दोन वाक्यं बोलायची होती. ते विमान माझ्यासाठी केलं. त्यांनी नाही म्हटलं होतं, मी गळ घातली. एवढंच. पण ती दोन वाक्यं बोललो असतो तर पुढचा प्रश्न माझ्याकडे आला असता आणि त्या मंडपात माझ्या खादीला सगळे मान देत होते.

मी म्हणालो, "पूजा केली असं मी म्हणणार नाही. पण काच रंगवायच्या आधी आंघोळ केली होती, आणि विमान पाटावर होतं, हे खरं आहे."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी वकिलाच्या घरात वाढलेलो आहे. बापूसाहेबांनी मान हलवली आणि विषय संपला. ठराव झाला की यंदापासून डोळ्यांचं काम गदगच्या चित्रकाराकडे द्यावं. अण्णांना तसं कळवायचं पत्र चिटणीस म्हणून मीच लिहिलं, 'आपल्या आजवरच्या सेवेबद्दल मंडळ ऋणी आहे' वगैरे. पत्राची भाषा चांगली साधली म्हणून लोकांनी मला शाबासकी दिली.

पत्र द्यायला मीच गेलो. दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवायचंही धैर्य झालं नाही. अण्णांनी उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली, परत उघडली.

"शाई बरी आहे," ते म्हणाले. "कुठं मिळाली हो? हल्ली मिळत नाही."

मी दुकानाचं नाव सांगितलं. आतून अंबक्का बाहेर आल्या, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चहाचं न विचारता आत गेल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. नवऱ्यानं गप्प राहायला सांगितलं होतं म्हणून त्या गप्प होत्या, हे त्यांच्या पाठीवरूनही कळत होतं.

त्या वर्षी गदगच्या चित्रकारानं आलेल्या दिवशीच, जेवून, पान खात डोळे काढले. चांगले मोठे, टपोरे काढले. तिसऱ्या दिवशी अण्णा आणि अंबक्का दर्शनाला आले, रांगेत उभे राहून. मागून कुणीतरी 'बाँबर आलं' म्हणालं आणि चार जण हसले. अण्णांनी हात जोडले, मूर्तीकडे बघितलं आणि खिरापत घ्यायला माझ्यासमोर आले, कारण ती मी वाटत होतो. त्यांनी दोन्ही हात पुढं केले. मी खिरापत दिली. जरा जास्त दिली. पुढच्या वर्षापासून ते आले नाहीत.

शाळेत ते पूर्वीसारखेच शिकवत राहिले. मुलांना खिडकीपाशी नेत राहिले. शिक्षकांच्या खोलीत मात्र त्यांच्या बाकावर कुणी बसायचं नाही, आणि मीही पेपर तपासायला वरच्या वर्गात जाऊ लागलो. शेहेचाळीस साली ते निवृत्त झाले. निरोपाचा हार हेडमास्तरांनी घातला आणि मुलं टाळ्या वाजवत राहिली. भाषण माझ्याकडे होतं. मी घसा बसल्याचं सांगितलं.

पुढच्या ऑगस्टला शाळेत झेंडावंदन झालं. बेचाळीसमध्ये ज्यांनी झीज सोसली त्यांचा सत्कार ठेवला होता. पत्रकांचा गठ्ठा हेडमास्तरांनीच जाहीर केला, अभिमानानं. न वाटलेल्या पत्रकांबद्दल माझ्या गळ्यात सुताचा हार पडला. समोर पालकांच्या मागं, शेवटच्या रांगेत अण्णा उभे होते. ते टाळ्या वाजवत होते.

त्याच दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. हार काढून पिशवीत घातला होता. म्हटलं, "अण्णा, मी उद्या बापूसाहेबांना सगळं सांगतो. बैठक बोलवायला लावतो."

ते म्हणाले, "काय सांगणार? पोरगी मोठी होतेय तुमची. आज गावानं हार घातला, उद्या तेच गाव काय घालेल ते तुम्ही बघितलंय. माझं गेलं ते गेलं. आता माझा हातही हलतो. मला डोळे काढा म्हटलं तरी जमणार नाही. इरली, बिडरी." राहू द्या, सोडा.

मी आग्रह केला. एकदाच केला. त्यांनी पुन्हा मान हलवली आणि मी ऐकलं. जिना उतरताना मला इतकं हलकं वाटलं की खालच्या हॉटेलात बसून मी चहा प्यालो, वर भजीही मागवली. त्यांचा तो शब्द मी परवानगी म्हणून घेतला आणि वर्षानुवर्षं वापरला. मंडपातल्या त्या वाक्याची मला लाज वाटते, पण त्या भज्यांची जास्त वाटते.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. शाळेच्या समारंभाला पुण्याहून पाहुणे यायचे होते, म्हणून मी, बापूसाहेब आणि मंडळाचे चार-पाच जण हार-गुच्छ घेऊन स्टेशनावर गेलो होतो. पलीकडे मिरजेची गाडी लागली होती. फलाटावर एक वळकटी, दोन ट्रंका आणि त्यांच्यावर बसलेल्या अंबक्का. म्हणजे ती दोघं हुबळी सोडून मुलीकडे निघाली होती. मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण?

अण्णा ट्रंकांशेजारी उभे होते. त्यांनी मला पाहिलं. चेहरा एकदम उजळला आणि हात वर व्हायला लागला. मग त्यांना माझ्या शेजारी बापूसाहेब दिसले, मागची माणसं दिसली. हात तसाच खाली गेला. ते सावकाश वळले आणि भिंतीवरचं गाड्यांचं वेळापत्रक वाचायला लागले. वाचायला त्यांना चष्मा लागायचा. तो कोटाच्या खिशातून वर दिसत होता. गाडीनं शिटी दिली, अंबक्कांनी हाक मारली, तरी ते आमच्याकडे पाठ करून तसेच उभे होते, मला ओळख द्यावी लागू नये म्हणून. बापूसाहेबांनी विचारलं, "कोण हो ते? मरेवाडकर काय?"

मी म्हणालो, "लक्ष नव्हतं माझं."